रिकामी क्रूझ जहाजं पाहायची कशी: उरण आणि नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून

प्रवासी उतरले, बॅगा गेल्या, धक्क्यावरच्या टॅक्सी पांगल्या की क्रूझ जहाजाकडे कुणी वळूनही पाहत नाही. माझ्या मते पाहण्यासारखं जहाज तिथून पुढे सुरू होतं. प्रवासी असलेलं जहाज वेळापत्रकावर चालतं. कधी निघणार, कधी पोचणार हे जाहिरातीतच छापलेलं असतं. रिकामं जहाज गरजेवर चालतं. पिण्याचं पाणी, इंधन, सांडपाणी, भरती, वारा, धक्का दुसऱ्याला मोकळा करून देणं, खलाशांची अदलाबदल यांतलं काहीतरी त्याला हलवतं. ‘नुसतं उभं आहे’ असं वाटणारं जहाजही दिवसभरात अनेकदा तोंड फिरवतं. त्यामागचं कारण किनाऱ्यावरून ओळखता येतं. त्यासाठी मोबाईल, साधी दुर्बीण आणि भरती-ओहोटीची समज पुरते.

रिकामी जहाजं पाहण्याचा हा छंद लोकांच्या नजरेत आला तो २०२० मध्ये. त्या मार्चमध्ये क्रूझ सेवा काही दिवसांत ठप्प झाली आणि शेकडो जहाजं एकाच वेळी रिकामी झाली. तेवढी जहाजं बांधून ठेवायला धक्के कुठून आणणार? मे महिन्यात मनिलाच्या उपसागरात वीसहून जास्त क्रूझ जहाजं नांगर टाकून उभी होती, खलाशांना घरी जायला मिळावं म्हणून. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरही कित्येक महिने अशी जहाजं होती. वारा फिरला की ती एका उपसागरातून दुसऱ्यात जात आणि मधूनच सामान घ्यायला बंदरात येऊन परत फिरत. तिथल्या एका फेरीबोटवाल्याने या जहाजांभोवती सहली सुरू केल्या, तर लोक तिकीट काढून आले.

मुंबईनेही हे पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ प्रवाशांविना मुंबईजवळ येऊन थांबली होती. भारतीय खलाशांना उतरायची परवानगी मिळाल्यावर १४० हून जास्त जण इथे उतरले. मुंबईहून फिरणारी ‘कर्णिका’ त्याच मार्चपासून रिकामी झाली आणि वर्षअखेरीस आलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. आपण पाहतो त्या रिकाम्या जहाजावर माणसं असतातच. फक्त ती प्रवासी नसतात. कारव्याच्या टी. एस. चाणक्यमधून किंवा न्हाव्याच्या टी. एस. रहमानमधून शिकून गेलेलं कुणी त्या जहाजाच्या पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, ड्युटीवर असू शकतं. नेरूळ-बेलापूरमध्ये दर्यावर्दी कुटुंबं किती आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

कधी पाहायला मिळतात

मुंबईचा क्रूझ हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. रिकामी हालचाल दिसण्याची शक्यता हंगामाच्या दोन टोकांना जास्त असते: जहाज दुसरीकडून रिकामं येतं, किंवा पावसाळ्याआधी दुरुस्तीला वा दुसऱ्या बंदराला निघतं. हंगामात दोन सफरींमध्ये मोकळे दिवस असले, किंवा बॅलार्ड पिअरचा धक्का दुसऱ्या जहाजाला हवा असला, तर रिकामं जहाज बाहेर नांगरावर जाऊ शकतं. सकाळी प्रवासी उतरवून संध्याकाळी नवे घेणारं जहाज यात धरू नका. ते रिकामं नसतं, तर दिवसभर साफसफाई आणि सामान भरण्यात गुंतलेलं असतं.

बरेचदा बंदरात एकही क्रूझ जहाज नसेल. त्या दिवशी नांगरावरचे टँकर आणि मालवाहू जहाजं पाहा. नियम तेच, भरती तीच. खरं तर सुरुवात टँकरपासूनच करावी. तो संथ असतो आणि वाऱ्याला फारसा भुलत नाही, त्यामुळे पाण्याचा प्रवाह काय करतो ते स्वच्छ कळतं.

पहिली पायरी: जहाज नक्की कोणतं

जहाजांची नावं बदलतात. ‘कर्णिका’ १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून सेवेत आली. मग ‘ए-रोझा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युवेल’ आणि शेवटी २०१९ मध्ये ‘कर्णिका’. एकाच जहाजाला सहा नावं. २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलेली ‘एम्प्रेस’सुद्धा १९९० चीच, जन्माचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. म्हणून नावावर विसंबू नका, आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक धरा. हा सात आकडी क्रमांक जहाज बांधलं जातं तेव्हा मिळतो आणि मोडीत निघेपर्यंत बदलत नाही.

क्रमांक बरोबर उतरवला का, हे वहीतच तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा क्रमांकाच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. शेवटचा आकडा ९ आणि क्रमांकाचाही शेवट ९, म्हणजे ठीक. हा क्रमांक जहाजाच्या अंगावर रंगवलेला असतो आणि प्रवासी जहाजांवर तो आकाशातून दिसेल असाही लिहावा लागतो. उरणहून मात्र तो वाचता येणार नाही. तो मोबाईलवर मिळतो.

दुसरी पायरी: मोबाईलवरचा नकाशा वाचणं

प्रत्येक प्रवासी जहाजावर एआयएस यंत्रणा सक्तीची आहे. जहाज स्वतःचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहतं. मरीन ट्रॅफिक, व्हेसल फाइंडर अशा सेवा ती माहिती नकाशावर दाखवतात. फुकटची आवृत्ती आपल्या कामाला पुरते. पण तीन गोष्टी कळल्याशिवाय नकाशा फसवतो.

एक, ‘स्थिती’. चालू, नांगरावर, धक्क्याला बांधलेलं हे जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. विसरला तर जहाज दहा नॉट, म्हणजे ताशी दहा सागरी मैल वेगाने चाललेलं असतं आणि नकाशा म्हणतो नांगरावर. म्हणून स्थितीपेक्षा वेगावर विश्वास ठेवा. ‘पुढचं बंदर’ हा रकानाही हातानेच भरलेला असतो आणि बरेच दिवस जुना राहू शकतो. पोचण्याची वेळ जागतिक वेळेत असेल, तर त्यात साडेपाच तास मिळवा.

दोन, माहिती किती ताजी आहे. चालतं जहाज दर काही सेकंदांनी संदेश पाठवतं, नांगरावरचं दर तीन मिनिटांनी. किनाऱ्यावरच्या केंद्रांना संदेश ऐकू येतात ते मर्यादित अंतरापर्यंतच. जहाज अरबी समुद्रात पुढे गेलं की फुकटच्या नकाशावरून दिसेनासं होतं. त्यात काळजीचं काही नाही. परतलं की पुन्हा उगवतं.

तीन, आणि हे सर्वांत कामाचं: ‘तोंड’ आणि ‘वाट’ या दोन दिशा वेगळ्या असतात. तोंड म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) कुठे आहे. वाट म्हणजे जहाज प्रत्यक्षात कुठे सरकतंय. दोन्ही जुळत असतील तर जहाज सरळ चाललंय. तोंड एकीकडे आणि ते अर्ध्या नॉटने तिसरीकडे सरकत असेल, तर ते नांगरावर फिरतंय किंवा प्रवाहाबरोबर वाहतंय.

आता मागच्या चोवीस तासांचा माग पाहा. नांगरावरच्या जहाजाचा माग अर्धवर्तुळासारखा दिसतो. हिशेब असा: नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट सोडतात आणि ती ‘शॅकल’मध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटर. पाच शॅकल सोडल्या तर १३७ मीटर साखळी, त्यापुढे २१० मीटरचं जहाज. म्हणजे पिछाडी नांगरापासून जवळपास साडेतीनशे मीटरवर फिरते आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सहाशे मीटरहून जास्त जागा बदलते. नकाशावर वाटतं जहाज निघालं. प्रत्यक्षात नांगर जागचा हललेलाही नसतो. क्रूझ जहाजाचा पूल पुढे नाळेजवळ असतो, मालवाहू जहाजाचा बहुधा मागे. जागा सांगणारा अँटेना साधारण पुलाजवळ असतो. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या क्रूझ जहाजाचा माग मालवाहूपेक्षा लहान दिसतो. नवशिक्याला इथे हमखास वाटतं की क्रूझ जहाज कमी फिरलं.

तिसरी पायरी: भरती, ओहोटी आणि तिथी

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. घरातलं कालनिर्णय चालतं. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा आहे: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. सकाळीही तीच, संध्याकाळीही तीच आणि दोन्हींच्या साधारण सहा तास पुढे पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण घरून कधी निघायचं ते ठरवायला एवढं पुरतं. नेमकी मिनिटं हवीत तर छापील तक्ता पाहा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा मुंबईत पाण्याची पातळी सरासरी साडेतीन मीटरहून जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा हा फरक दीड मीटरच्या आसपास असतो. उधाणाला प्रवाह जोरात, जहाजं झटक्यात फिरतात. भांगाला ती आळसावतात आणि वाऱ्याचं राज्य चालतं. दोन्ही दिवशी पाहा, म्हणजे फरक कळेल.

नांगरावरचं जहाज प्रवाहाकडे तोंड करून राहतं. भरतीचं पाणी मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरून उत्तरेला, ठाण्याच्या खाडीकडे जातं. तुम्ही उरण-मोऱ्याच्या बाजूने पश्चिमेला पाहत असाल, तर भरतीला जहाजांची नाळ साधारण तुमच्या डाव्या हाताला, ओहोटीला उजव्या हाताला. पाणी फिरण्याच्या वेळी अर्धा तास एका जागी उभं राहिलात, तर सगळी जहाजं एकामागून एक वळताना दिसतात. पूर्ण भरतीनंतर थोड्या वेळाने हे सुरू होतं.

इथेच क्रूझ जहाज वेगळं पडतं. भरलेल्या टँकरचा बराच भाग पाण्याखाली, म्हणून तो प्रवाहाचं ऐकतो. क्रूझ जहाजाचे दहा-बारा मजले पाण्यावर आणि बुडलेला भाग सात-आठ मीटर. त्याची ती उंच बाजू वाऱ्याला शिडासारखी लागते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे. दुपारी भरती चालू असेल तर टँकरची नाळ दक्षिणेला आणि शेजारच्या रिकाम्या क्रूझची पश्चिमेकडे कललेली, असं दृश्य दिसतं. एकाच पाण्यात उभी असलेली दोन जहाजं वेगळ्या दिशांना तोंड करून का आहेत, याचं उत्तर तुम्हाला देता आलं की ही पायरी झाली.

वारा फार वाढला तर नांगर घसरू शकतो. तेव्हा मागाचं अर्धवर्तुळ मोडून एका बाजूला लांबट रेघ निघते. अशा वेळी रिकामं क्रूझ जहाज इंजिन चालू करून जागा बदलतं किंवा खुल्या समुद्रात निघून जातं.

चौथी पायरी: जागा

पाम बीच रस्त्यावर, सीवूड्सच्या खाडीकाठी किंवा नेरूळच्या जेट्टीवर उभं राहून बॅलार्ड पिअरची जहाजं दिसतील अशी आशा ठेवू नका. अंतर सोळा-सतरा किलोमीटरच्या पुढे आणि मध्ये ट्रॉम्बेची टेकडी, अटल सेतू, घारापुरी. मोठी क्रूझ जहाजं ठाण्याच्या खाडीत येतच नाहीत. तेवढी खोली नाही. ऐरोली-वाशीचा काठ फ्लेमिंगोंसाठी उत्तम, या कामासाठी नाही.

खरी जागा उरण. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि हा छंद नवी मुंबईकरांच्या आवाक्यात आला. नेरूळ किंवा बेलापूरहून गाडी मिळते. फेऱ्या कमी आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. स्टेशनवरून रिक्षाने दोन ठिकाणी जाता येतं.

मोरा बंदर उत्तरेच्या बाजूला. समोर मुंबईचा धक्का सुमारे दहा किलोमीटर, उजवीकडे घारापुरी, पाठीमागच्या अंगाला जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) क्रेन. दहा किलोमीटर लांब वाटतं, पण २१० मीटरचं जहाज तेवढ्यावरून पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून रुंद दिसतं. नुसत्या डोळ्यांनी आकार कळतो. दुर्बिणीने मजले मोजता येतात.

पिरवाडीचा किनारा पश्चिमेला, बंदराच्या तोंडाशी. मुंबई आणि जेएनपीए या दोन्ही बंदरांची जहाजं याच तोंडातून आत-बाहेर करतात, म्हणून चालती जहाजं पाहायला मी पिरवाडीच निवडेन. दूरच्या जहाजाचा खालचा भाग मात्र दिसणार नाही. डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेतीनने गुणा. क्षितिज साधारण तितक्या किलोमीटरवर. चार मीटर उंचीवरून सात किलोमीटर. वीस किलोमीटरवरच्या जहाजाचा खालचा सुमारे १३ मीटर भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो. जहाज किती बुडालंय हे तिथून जोखायला जाऊ नका.

सर्वांत जवळून पाहायचं असेल तर मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच घ्या. ती बंदर आडवं पार करते आणि नांगरावरची जहाजं दोन्ही बाजूंना दिसतात. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही आणि फेऱ्या थांबतात, म्हणून तिथीचा हिशेब इथेही करा. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. त्या दिवशी पहाटेच्या लाँचवर बेत आखू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. डिसेंबर २०२४ मध्ये याच बंदरात प्रवासी बोटीला झालेला अपघात विसरण्यासारखा नाही.

अटल सेतूवरून जाताना प्रवाशाला ओझरतं दिसतं. तिथे गाडी थांबवायला मनाई आहे. चालवणाऱ्याने रस्त्यावरच लक्ष ठेवावं.

वेळ सकाळची घ्या. उरणहून आपण पश्चिमेला पाहतो, सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि जहाजाची पूर्वेकडची बाजू उजळून निघते. संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर, जहाजाची नुसती काळी आकृती. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी नऊ वाजेपर्यंत थांबावं लागतं. पाऊस संपतानाच्या ऑक्टोबरात हवा सर्वांत स्वच्छ. दुर्बीण ८×४२ किंवा १०×५० घ्या. त्याहून जास्त पट हातात थरथरते, लाँचवर तर आठपटच पुरे.

पाचवी पायरी: जहाजावरच्या खुणा

दिवसा नाळेच्या बाजूला एक काळा गोळा टांगलेला असेल तर जहाज नांगरावर आहे. गोळा उतरला आणि साखळीवर पाण्याची फवार दिसली, तर नांगर वर येतोय. साखळीचा चिखल धुतात, ते हे पाणी. मोबाईलवरचा वेग बदलण्याच्या कितीतरी आधी ही खूण मिळते.

दोन काळे गोळे एकाखाली एक म्हणजे जहाज ताब्यात नाही, यंत्र बिघडलंय. गोळा-चौकट (पत्त्यांतल्यासारखी)-गोळा म्हणजे कामामुळे बाजूला वळता येत नाही.

झेंडे दुर्बिणीतून दिसतात. अर्धा पांढरा, अर्धा लाल: पायलट (बंदरात वाट दाखवणारा अधिकारी) जहाजावर आहे, म्हणजे आता हालचाल होणार किंवा नुकतीच झाली. निळ्यात पांढरा चौकोन: निघायच्या तयारीत. संपूर्ण लाल: धोकादायक माल, क्रूझवर बहुधा इंधन भरणं चालू, शेजारी चिकटलेली बार्ज (सपाट मालवाहू होडी) दिसेलच. पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला: पाणबुड्या खाली उतरलाय. रिकाम्या जहाजाच्या तळाला उबदार पाण्यात शेवाळ आणि शिंपले लवकर चढतात, ते खरवडायला पाणबुडे लागतात.

जहाज रिकामं आहे हे मला रात्री सर्वांत खात्रीने कळतं. नांगरावरच्या मोठ्या जहाजाला डेक उजळून ठेवावे लागतात, त्यामुळे बाहेरून ते झगमगतं. पण केबिनच्या खिडक्यांच्या रांगा अंधाऱ्या असतात आणि खालच्या एक-दोन मजल्यांवर, खलाशांच्या बाजूला, दिवे असतात. दिवसा बाल्कन्यांत माणूस नसतो, खुर्च्या आवरलेल्या असतात. जीवरक्षक बोटी मात्र पाण्यात उतरवताना दिसू शकतात. तो खलाशांचा सराव.

रात्री चालत्या जहाजाची दिशा रंगावरून कळते. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. उरणहून पाहताना बाहेर, दक्षिणेला जाणाऱ्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे येते, म्हणून लाल. आत येणाऱ्याचा हिरवा. एवढं लक्षात ठेवलं तर मोबाईल खिशातच ठेवता येतो.

सहावी पायरी: ते का हललं

वर जमवलेल्या खुणा इथे कामाला येतात. कारणं शोधताना मी वेळ आणि मागाचा आकार एकत्र पाहतो.

संध्याकाळी निघालं, समुद्रात बाहेर जाऊन पाच-सात नॉटने लांबट फेऱ्या मारल्या आणि सकाळी परत आलं, तर पाण्याचा आणि सांडपाण्याचा विचार करा. क्रूझ जहाज समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी तयार करतं, पण बंदराचं गढूळ पाणी त्यासाठी चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत सोडता येत नाही. बारीक न केलेल्या अन्नकचऱ्यालाही तीच मर्यादा. माग बावीस किलोमीटरच्या पलीकडे जाऊन वळला असेल तर हे कारण जवळपास नक्की. अशा फेरीत इंजिनंही तापतात, पाण्याखालचे पंखेही तपासले जातात.

धक्क्यावरून उठून बंदरातच नांगरावर गेलं आणि दोन-तीन तासांत त्याच धक्क्याला दुसरं जहाज लागलं, तर जागा द्यावी लागली. दोन्ही बंदरांच्या संकेतस्थळांवर जहाजांची रोजची यादी असते. तिच्याशी ताडून पाहा. उलट, नांगरावरून काही तासांपुरतं धक्क्याला येऊन परत गेलं, तर खलाशांची बदली, धान्य-भाजी, औषधं, सुटे भाग. पूर्ण भरतीच्या आगेमागे अशा हालचाली जास्त होतात, कारण तेव्हा जहाजाच्या तळाखाली पाणी जास्त मिळतं.

सगळं वातानुकूलन आणि बराच कर्मचारी वर्ग ठेवून, काही दिवसांत सुरू होईल अशा तयारीत जहाज ठेवलं तर त्याला हॉट ले-अप म्हणतात. मोजकीच माणसं ठेवून बहुतेक यंत्रणा बंद केल्या तर कोल्ड ले-अप. दुसऱ्या प्रकारातलं जहाज आपणहून हलत नाही. हललं तर पुढे-मागे टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) असतात. एरवी क्रूझ जहाजाला टग फारसे लागत नाहीत, नाळेजवळच्या आडव्या पंख्यांवर ते जागच्या जागी वळतं. म्हणून धड दिसणाऱ्या क्रूझ जहाजाला टग ओढत नेताना दिसले तर नीट नोंद घ्या. २०२० मध्ये कित्येक जहाजांचा शेवटचा प्रवास जवळ आल्याचं असंच लक्षात आलं.

काय करू नये

उरणच्या किनाऱ्यावर नौदलाची ठिकाणं आहेत, ओएनजीसीचा प्रकल्प आहे, शेजारी जेएनपीए; समोर जवाहर द्वीपचे तेलधक्के आणि ट्रॉम्बेला बीएआरसी. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा सगळा किनारा पिंजून काढला गेला होता. दुर्बीण घेऊन उभ्या माणसाला इथे कुणी हटकलं तर ते योग्यच आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कुणी विचारलं तर मोबाईलवरचं जहाज दाखवून शांतपणे सांगा, आणि जा म्हटलं तर जा. युद्धनौका, कुंपणं, तेलधक्के यांचे फोटो काढू नका. ड्रोन आणूच नका. वायरलेस संच बाळगायला परवाना लागतो, तोही विकत घेऊ नका. ओळखीच्या तांडेलाला ‘जरा जवळ ने’ असा आग्रह करू नका. नांगरावरच्या जहाजाजवळ होडी गेली तर अडचणीत तोच येतो. किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर पुढे गेलात, तर पाणी फिरण्याची वेळ मनात ठेवा.

जहाजावर कुणाला बढती, कुणाला घरची काळजी, कुणाचा करार संपूनही बदली आलेली नसते. जहाजावरच्या माणसांचे चेहरे टिपून इंटरनेटवर टाकू नका.

नोंदवही

तारीख, तिथी, पूर्ण भरतीची वेळ, वारा कुठून, जहाजाचा आयएमओ क्रमांक, नाळ कुठे, गोळा-झेंडे, शेजारी बार्ज किंवा टग, आणि शेवटी कारणाचा अंदाज. अंदाज मोबाईल उघडण्याआधी लिहा. नकाशा आधी पाहिला की डोळे त्यालाच दुजोरा देऊ लागतात. मग रात्री मागाशी ताडून पाहा आणि अंदाजापुढे बरोबर, चूक किंवा ‘कळलं नाही’ असं लिहा. ‘कळलं नाही’ असलेल्या दिवसाचा माग स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण फुकटच्या सेवेवर जुना माग थोडेच दिवस टिकतो आणि तेच कोडं पुढच्या उधाणाला दुसऱ्या जहाजाच्या हालचालीतून सुटू शकतं.